ती मेंढी उभी आहे तिथे आमचे स्वयंपाकघर होते

प्राचीन दगडी वर्तुळासाठी प्रसिद्ध असलेल्या, इंग्लंडमधल्या एव्हबरी गावाच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी एकटीच आहे असे मला वाटत होते, तोच वेदीच्या बाजूने कात्रीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी फुले सजवायला आलेल्या एक वयस्कर बाई डॅफोडिलचे देठ तिरके कापत होत्या. बोलणे हवेपासून सुरू झाले, मी स्विंडनहून आले आणि मूळची नागपूरची हे त्यांनी विचारून घेतले, आणि मग मी त्यांना सहज विचारले की या गावात वाढताना, रोज त्या प्रचंड दगडांमधून शाळेला जाताना, तुम्हाला काय वाटायचे. त्यांनी कात्री ठेवली, हात पुसले आणि मला बाहेर घेऊन आल्या. गावच्या मुख्य रस्त्याने थोडे चालून गेल्यावर एका लाकडी फाटकाशी थांबून त्यांनी पलीकडच्या कुरणाकडे बोट दाखवले. "ती काळ्या तोंडाची मेंढी दिसते ना तुम्हाला? ती उभी आहे तिथे आमचे स्वयंपाकघर होते. मागची भिंत दगडाची, याच दगडाची. हिवाळ्यात तिला पाणी सुटायचे आणि आई दिवसभर ती पुसत असायची. मी पाच वर्षांची असेन तेव्हा आम्ही तिकडे ट्रस्लोला राहायला गेलो आणि हे घर पाडले." एवढे सांगून त्या फुलांकडे परत गेल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मला मात्र त्या कुरणाकडे पूर्वीसारखे पाहता येईना.

स्टोनहेंज आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे, निदान फोटोत तरी. एव्हबरी त्याच विल्टशायर परगण्यात, स्विंडनहून डिव्हायझेसकडे जाणाऱ्या ४९ क्रमांकाच्या बसच्या वाटेवर आहे, आणि तिथे स्टोनहेंजसारखी दगडांभोवती दोरी नाही, दगडांजवळ जायला तिकीट नाही. मुळात तिथे आत आणि बाहेर अशी सोयीची विभागणीच नाही. बस मार्लबरो डाउन्सच्या उघड्या टेकड्या मागे टाकून खाली उतरते, रस्ता अचानक वळतो, आणि त्या वळणावर डांबराला जवळजवळ खेटून साठ टनांच्या आसपास वजनाचा एक चौकोनी दगड एका कोपऱ्यावर उभा दिसतो. त्याला स्विंडन स्टोन म्हणतात. मूळ वर्तुळातला तो कधीच न पडलेला दगड आहे आणि त्याच्या अंगावरून दिवसभर मालमोटारी जातात. त्याच्यापाशी बस आली की आपण एका महाकाय गोलाकार खंदकाच्या आत शिरलेले असतो, आणि त्या खंदकाच्या आत एक संपूर्ण गाव असते: रेड लायन नावाचे शाकारलेल्या छपराचे पब, दुकान, एक छोटे प्रार्थनागृह, विटा आणि राखाडी दगड यांची मिसळ असलेली घरे, परसात वाळत घातलेले कपडे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खणलेल्या या वर्तुळात आजही माणसे राहतात, आणि त्या दुपारपासून मला एव्हबरीबद्दल हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटू लागली आहे.

खंदकाबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण फोटोत नेहमी दगड येतात आणि खंदकाला कोणी विचारत नाही. बाहेरून मोजले तर या वर्तुळाचा व्यास ४०० मीटरांहून अधिक भरतो. आज आपण ज्या गवताळ उतारावरून घसरत खाली जातो तो मूळ खोलीचा निम्म्याहूनही कमी भाग आहे. बाकीचा हजारो वर्षांच्या गाळाने भरून आला आहे. १९०८ ते १९२२ या काळात हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी खंदक तळापर्यंत खणून पाहिला तेव्हा तो ९ मीटरांपेक्षा जास्त खोल निघाला, आणि तळाशी हरणांच्या शिंगांच्या कुदळी सापडल्या. लोखंड नाही, तांबेही नाही. सांबरासारख्या मोठ्या हरणाची गळून पडलेली शिंगे खडूच्या खडकात ठोकून, कडे मोडून, टोपल्या भरून माणसांनी तो माल वर नेला आणि बाहेरच्या बाजूला तट उभारला. इथली जमीन खडूची आहे. पावसात बुटांना लागते ती पांढरी, साबणासारखी निसरडी माती घरी गेल्यावर वाळते आणि पिठासारखी झडते. ताजा खणलेला तो खंदक आणि तो तट हिरवा नव्हता, पांढराशुभ्र होता. उन्हात डोळे दिपवणारे ते पांढरे वर्तुळ दूरच्या टेकडीवरून येणाऱ्या माणसाला कसे दिसले असेल याचा मी तटावर उभी राहून विचार करते, आणि तेवढ्यात वारा इतका जोरात येतो की विचार बाजूला ठेवून टोपी धरावी लागते.

दगड सार्सेनचे आहेत. हा अतिशय कठीण वालुकाश्म जवळच्याच डाउन्सवर जमिनीवर सुटा पडलेला सापडतो. स्टोनहेंजच्या दगडांसारखे हे घडवलेले नाहीत. निवडले, ओढून आणले आणि आहेत तसे उभे केले: कोणी रुंद खांद्यांचा, कोणी निमुळता, कोणाच्या अंगात हात कोपरापर्यंत जाईल एवढी भोके. बाहेरच्या वर्तुळात मूळचे शंभरच्या आसपास दगड होते आणि आत आणखी दोन वर्तुळे. उत्तरेकडच्या आतल्या वर्तुळात 'कोव्ह' म्हणून ओळखले जाणारे दोन दगड उरले आहेत. त्यांतल्या एकाची पाहणी २००३ मध्ये झाली तेव्हा तो जितका वर दिसतो त्याखेरीज जमिनीखालीही खोल गेलेला आढळला आणि त्याचे वजन १०० टनांच्या घरात असावे असे ठरले. हात ठेवला तर पृष्ठभाग थंड लागतो, भर उन्हाळ्यातही. त्यावर राखाडी, पिवळे आणि गंजाच्या रंगाचे दगडफूल चढलेले असते. मेंढ्या त्याला अंग घासतात, त्यामुळे त्यांच्या उंचीपर्यंतचा भाग गुळगुळीत आणि किंचित तेलकट झालेला आहे, आणि नाक जवळ नेले तर ओल्या लोकरीचा वास येतो.

हे दगड नष्ट झाले ते दोन वेगळ्या काळात आणि दोन वेगळ्या रीतींनी, आणि हा फरक माझ्या मनात फार घोळत राहिला आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावकऱ्यांनी बरेच दगड पाडून पुरले. शेजारी खड्डा खणायचा, दगड त्यात आडवा करायचा आणि वर माती ओढायची. हे चर्चच्या सांगण्यावरून झाले, जुन्या देवांच्या भीतीने झाले की नांगराला अडथळा नको म्हणून झाले, यावर अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. अशा एका पुरलेल्या दगडापाशी १९३८ मध्ये एका पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याच्याजवळ कात्री होती, शस्त्रक्रियेत वापरतात तशी एक सळई होती आणि त्या काळातली काही नाणी होती. तो फिरता न्हावी-वैद्य असावा आणि दगड पाडताना खाली सापडून मेला असावा अशी गोष्ट तेव्हापासून रूढ झाली. सांगाडा लंडनला पाठवला गेला, महायुद्धातल्या बॉम्बफेकीत नष्ट झाला असे सगळे धरून चालले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात पुन्हा सापडला. नव्याने तपासल्यावर तो दगडाखालीच चिरडला गेला का याबद्दलच शंका उभी राहिली. त्याच्या मृत्यूचे कारण काहीही असो, गाव ज्या दिवसांत आपले दगड मातीआड करत होते त्या दिवसांत हा परगावचा, आपली हत्यारे जवळ बाळगून हिंडणारा माणूस तिथे होता आणि त्याला परत जाता आले नाही, हे उरतेच.

दुसरी रीत आगीची. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दगड फोडले गेले, आणि कसे फोडले हे आपल्याला विल्यम स्टकली या वैद्याच्या टिपणांवरून कळते. १७१९ ते १७२४ या वर्षांत तो पुन्हा पुन्हा इथे येऊन राहिला, मापे घेत राहिला, चित्रे काढत राहिला. दगडाखाली खड्डा खणायचा, त्यात पेंढा भरून पेटवायचा, दगड तापला की जिथे चीर हवी तिथे थंड पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर घण घालायचे. स्टकलीच्या डोळ्यांदेखत हे चालले होते. टॉम रॉबिन्सन नावाच्या माणसाचा त्याने इतक्या संतापाने उल्लेख केला आहे की तीनशे वर्षांनंतरही त्या बिचाऱ्याचे नाव दगडांचा मारेकरी म्हणूनच घेतले जाते. स्टकलीचा एक ग्रह चुकीचा होता. हे सगळे त्याने ड्रुइड या प्राचीन केल्टिक पुरोहितांचे मंदिर मानले आणि १७४३ मध्ये तसे पुस्तक छापले, तर दगड ड्रुइडांच्या दोन हजार वर्षे आधीचे आहेत. पण त्याच्या मापांवाचून आज कोणता दगड कुठे होता हे सांगता आले नसते, आणि त्याचा संताप खरा होता. तो वाचताना माझाही संताप व्हायचा.

पण ते फोडलेले दगड गेले कुठे? ते गावातच आहेत. घरांच्या पायांत, परसाच्या भिंतींत, गोठ्यांच्या कोपऱ्यांत, रस्त्याकडेच्या बांधांत. वर्तुळाच्या मध्यावरच्या प्रार्थनागृहाच्या भिंतीतही आहेत, आणि त्या प्रार्थनागृहाची कथा मला अतिशय भावते. १६६५ च्या कायद्याने अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या धर्मोपदेशकांना कुठल्याही सनदी शहराच्या पाच मैलांच्या आत राहायला मनाई केली. एव्हबरी आसपासच्या शहरांपासून नेमके तेवढे लांब होते. हद्दपार झालेले उपदेशक आणि त्यांची माणसे इथे जमू लागली, आणि त्यांना छप्पर हवे होते, भिंती हव्या होत्या. समोर दगड उभे होते. त्यांच्या दृष्टीने ते कोणाचे नव्हते, किंवा खोट्या देवांचे होते. ज्यांना स्वतःच्या श्रद्धेसाठी घर सोडावे लागले होते त्यांनी दुसऱ्या कुणाच्या, कधीच्या काळच्या श्रद्धेचे तुकडे करून आपली भिंत उभारली. त्या भिंतीला हात लावला की मला राग येत नाही आणि माफही करवत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहतात. आणि सार्सेनच्या घरात राहणे सुखाचे नव्हते, हेही स्टकलीने लिहून ठेवले आहे: हा दगड ओल धरतो, हिवाळ्यात त्याच्यावर दंव जमते, घरातले सामान कुजते. चर्चमधल्या बाईंची आई दोनशे वर्षांनंतर फडके घेऊन तीच ओल पुसत होती.

जे दगड पुरले गेले ते वाचले, आणि जे उपयोगासाठी फोडले गेले ते वाचले नाहीत.

पुरलेले दगड वर काढले ते अलेक्झांडर कीलर याने. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या मार्मलेडच्या कारखान्याचा हा वारस. संत्र्याच्या मुरंब्यातून आलेला पैसा त्याने पुरातत्त्वात घातला. विसाच्या दशकात त्याने जवळची विंडमिल हिल ही टेकडी बिनतारी संदेशवहनाच्या मनोऱ्यापासून वाचवण्यासाठी विकत घेतली आणि खणली. पुढे तो एव्हबरीच्या मॅनरमध्ये, म्हणजे जमीनदाराच्या जुन्या वाड्यात, राहायला आला, आणि १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षे त्याने वर्तुळाच्या पश्चिम अर्धात काम केले. गाडलेले दगड शोधायचे, त्यांचा मूळ खड्डा शोधायचा, ओंडके, दोर आणि पोलादी तारा लावून ते उभे करायचे, आणि जो दगड फोडला गेला आहे त्याच्या जागी काँक्रीटचा एक छोटा खांब बसवायचा. युद्ध सुरू झाले आणि पूर्व अर्ध तसाच राहिला. तिथे जमिनीखाली अजून कितीतरी दगड पडून असल्याचे २००३ च्या सर्वेक्षणात दिसले आहे. १९४३ मध्ये कीलरने आपली इथली मालमत्ता शेतजमिनीच्या भावाने, १२,००० पौंडांना, वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. आज आपण जे वर्तुळ पाहतो, ज्याचे फोटो काढतो, ते बऱ्याच अंशी कीलरने पुन्हा उभे केलेले आहे, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून कृतज्ञता आहे. त्याच्या आधीच्या, खासदार आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक असलेल्या जॉन लबक यांच्याविषयीही आहे. १८७० च्या दशकाच्या आरंभी वर्तुळातले भूखंड घरे बांधण्यासाठी विकले जाणार हे कळताच त्यांनी ते स्वतः विकत घेतले आणि पुढे सरदारकी मिळाली तेव्हा 'लॉर्ड एव्हबरी' हीच उपाधी घेतली.

परंतु कीलरच्या मनातले वर्तुळ मोकळे होते. दगड, गवत, खंदक, आकाश. त्या चित्रात कौलारू घरे, कोंबड्यांची खुराडी आणि पडवी बसत नव्हती. म्हणून घरे विकत घेऊन पाडण्यात आली, आणि ट्रस्टच्या हाती जागा गेल्यावरही ते काम काही वर्षे चालू राहिले. वर्तुळातली माणसे पश्चिमेला, ओढ्यापलीकडे, एव्हबरी ट्रस्लो या वस्तीत नव्या घरांत राहायला गेली. ती घरे कोरडी होती, त्यांत नळ होते, खिडक्यांतून ऊन येत होते, आणि ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्यापैकी कित्येकांना सुटका वाटली असेल. हे मला मान्य आहे. तरीही मी त्या कुरणात जाते तेव्हा फुटलेल्या दगडांच्या जागी बसवलेले काँक्रीटचे खांब दिसतात. एकेक खांब सांगतो की इथे एक होता आणि तो आता नाही. दक्षिणेकडच्या आतल्या वर्तुळातला सर्वांत उंच दगड स्टकलीने पडलेला पाहिला होता. त्याच्या जागी तर चांगला मोठा खांब आहे. पण पाडलेल्या घराच्या जागी तशी खूण माझ्या पाहण्यात आलेली नाही. उंबरा कुठे होता, चूल कुठे होती, कोणत्या भिंतीला ओल यायची, हे त्या गवतावरून कळत नाही. ते फुले सजवणाऱ्या एका बाईंना माहीत आहे. रॉबिन्सनने घरासाठी दगड फोडले आणि कीलरने दगडांसाठी घरे फोडली असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही, कारण दोघांच्या हेतूंत आणि अभ्यासात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जी नोंद आपण दगडाची ठेवतो ती घराचीही ठेवली पाहिजे. दोन्ही त्याच जागी होते, आणि काही ठिकाणी तर घर म्हणजे तोच दगड होता.

या पॅरिशमधल्या, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीतल्या, थोरामोठ्यांच्या वास्तूंना असा प्रश्न कधी विचारला गेला नाही. चर्च, मॅनर, सोळाव्या शतकातला गोल कबुतरखाना, सतराव्या शतकातले शाकारलेल्या छपराचे प्रचंड कोठार, हे सगळे वर्तुळाला लागून पण त्याच्या बाहेर आहे, आणि ते आहे तसे जपले गेले. मला ते आवडतेही. कोठारात शिरले की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, मग वर ओकच्या तुळया एकीला एक धरून वर वर जाताना दिसतात आणि पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास येतो. मॅनरच्या जागी आधी नॉर्मंडीतल्या एका मठाचे मोजके बेनेडिक्टाइन साधू राहत. चर्चचा मुख्य भाग सन १०००च्या आसपासचा सॅक्सन आहे, भिंतीत वर लहान गोल खिडक्या आहेत, आणि दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी पात्र आहे, ज्यावर हातात धर्मदंड घेतलेली एक आकृती दोन सर्पांसह कोरली आहे. पण त्या चर्चमध्ये मला सर्वांत धरून ठेवतो तो क्रूसाचा लाकडी सज्जा. पंधराव्या शतकातला हा रंगीत सज्जा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात मोडून टाकण्याचा हुकूम देशभर होता. एव्हबरीत तो सज्जा पट्ट्या आणि गिलावा यांच्या आड बंद झाला, भिंतच झाला, आणि १८१० पर्यंत तिथे तसाच राहिला. ज्या गावाने दगड पुरून ठेवले, त्याच गावाने दोनशे वर्षांनंतर आपल्या देवळातले लाकूड गिलाव्याआड ठेवले. हेतू काय होता ते लिहिलेले नाही. वस्तू मात्र दोन्ही वेळा वाचली.

वर्तुळातून दक्षिणेकडे दगडांच्या जोड्यांमधून एक वाट निघते आणि ती दोन-अडीच किलोमीटर चालते. तिच्या पश्चिमेला सिल्बरी हिल आहे. हीदेखील याच पॅरिशमध्ये. माणसांनी रचलेली ही टेकडी, युरोपातली अशा प्रकारची सर्वांत मोठी, इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास पुरी झाली. तिच्यात पाच लाख टनांच्या आसपास माल आहे आणि उंची ३० मीटरांच्या वर. आत काय आहे हे बघण्यासाठी १७७६ मध्ये माथ्यावरून खाणकामगारांकरवी उभे विवर पाडले गेले, १८४९ मध्ये बाजूने बोगदा खणला गेला, आणि १९६८ ते १९७० मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर पुन्हा बोगदा नेला. राजा सापडला नाही, सोने सापडले नाही, कोणाचेही दफन सापडले नाही. सापडले ते गवत आणि शेवाळे, चार हजारांहून अधिक वर्षे हवेवाचून दाबलेले. मग मे २००० मध्ये माथ्यावर एक खड्डा पडला, कारण अठराव्या शतकातले ते विवर नीट भरलेच नव्हते. २००७-०८ मध्ये आतले सगळे बोगदे खडू भरून कायमचे बंद केले गेले. आता टेकडीवर चढायला मनाई आहे. तिच्याकडे पाहताना मला वाटते की इथे एकदा तरी माणसांनी, न सापडलेल्या उत्तरासह, हात मागे घेण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्य होता.

नदी ओलांडून चढाव चढला की वेस्ट केनेटचे लांब थडगे लागते, सुमारे १०० मीटर लांबीचा मातीचा उंचवटा, इसवी सनापूर्वी ३६५० च्या आसपासचा, म्हणजे वर्तुळाच्याही हजार वर्षे आधीचा. त्याच्या पूर्व टोकाच्या पाच दगडी खोल्यांत किमान ३६ माणसांचे अवशेष मिळाले, स्त्रिया, पुरुष, अगदी लहान मुले, आणि बहुतेक सगळी एकाच पिढीच्या काळात ठेवली गेलेली. आत दगडाला दगड लागून आहे, डोके वाकवून जावे लागते, पावलांचा आवाज लगेच विरतो. एका शाळेची मुले बाहेर डबे उघडून बसली होती आणि आत मेणबत्तीचे ओघळ होते. कोणी तरी अजून येऊन तिथे काही तरी मागते. विंडमिल हिलवर कीलरला सापडलेल्या एका लहान मुलाचा सांगाडा गावातल्या वस्तुसंग्रहालयात आहे. आजच्या ड्रुइडपंथीयांनी तो पुन्हा जमिनीत ठेवावा अशी मागणी २००६ मध्ये केली, मोठी चर्चा झाली, आणि २०१० मध्ये तो संग्रहालयातच राहील असे ठरले. मी त्या काचेसमोर उभी राहिले आहे. अभ्यासासाठी ते मूल तिथे असावे हे मला पटते, आणि आई म्हणून तिथे फार वेळ थांबवत नाही.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला जुनापाणी आहे. लोहयुगातली दगडी वर्तुळे तिथे शेकड्यांनी पसरली आहेत. लहानपणी बाबा मला स्कूटरवर तिथे नेत, आणि काळ्या दगडांवर खोदलेल्या वाटीएवढ्या खळग्यांत मी बोटे घालून बघत असे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्या खळग्यांवर १८७९ मध्ये लिहिले आणि आपल्या देशातल्या दगडांवरच्या तसल्याच खुणांशी त्यांची तुलना केली. दोन्हींत हजारो वर्षांचे आणि मैलांचे अंतर आहे, नाते काही नाही. पण तो विदर्भाच्या उन्हात उभा राहून घरचे दगड आठवत होता, आणि मी विल्टशायरच्या वाऱ्यात तेच उलट करते. लबक यांनी ब्रिटनमध्ये पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा १८८२ मध्ये मंजूर करून घेतला, आणि त्याच्या पहिल्या यादीतच एव्हबरी आणि सिल्बरी होत्या. भारतासाठी तसा कायदा कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये आला. अशा कायद्यांच्या फलकांवर वास्तूचे नाव असते, शतक असते, दंडाची रक्कम असते. वास्तूच्या अंगाखांद्यावर राहिलेल्या माणसांसाठी तिथे ओळ नसते, ना तिकडे ना इकडे.

अशी ओळ असलेला एक कागद मात्र एव्हबरीत तयार झाला होता, आणि तो करणारा स्टकलीच होता. १७२४ चा त्याचा नकाशा पाहा. खंदक आणि तट गोल काढला आहे, उभे दगड, पडलेले दगड आणि नाहीसे झालेल्यांचे खड्डे वेगवेगळे दाखवले आहेत. पण त्याच कागदावर, त्याच काळजीने, घरे आहेत, परसे आहेत, कुंपणे आहेत, फळबागा आणि गल्ल्या आहेत. या घरांतल्या माणसांवर तो चिडलेला होता, तरीही त्याने त्यांना नकाशातून पुसले नाही. त्याने जसे पाहिले तसे उतरवले, कारण १७२४ मध्ये एव्हबरी हे असेच होते. गावात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एखादा नकाशा द्यायचाच असेल, तर तो हा द्यावा, आणि त्यात १९३७ नंतर पाडलेली घरेही कोणी तरी, ती आठवणारी माणसे गावात आहेत तोवर, विचारून विचारून भरावीत.